हात, झडप आणि मोटर: मोटारीतील तापमान-नियंत्रणाच्या निदानाचा इतिहास

मोटारीत बसलेल्या माणसाला मिळणारी हवा किती थंड वा किती गरम असावी, हे प्रत्यक्षात ठरवणारा भाग तळहातावर मावेल एवढा लहान असतो. डॅशबोर्डच्या आत, चालकाच्या पायांजवळ किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेली एक विजेची मोटर एका झडपेला फिरवते, आणि थंड कॉइलवरून आलेल्या हवेपैकी किती हवा पुढे गरम कॉइलमधून जावी, हे त्या झडपेच्या कोनावर अवलंबून असते. कारागिरांच्या बोलीत ही झडप म्हणजे ‘फ्लॅप’ आणि तिला फिरवणारी ती ‘फ्लॅप मोटर’; ग्रंथात तिला तापमान-नियंत्रण मोटर म्हणता येईल. ही मोटर अडकली की थंडावा निर्माण करणारी सारी यंत्रणा धडधाकट असूनही गाडीत उकाडा होतो, आणि त्यामुळे तिचा दोष सहसा दुसऱ्याच भागाच्या माथी मारला जातो. तो नेमका ओळखायचा तर मोटार-मिस्त्री, शीतयंत्राचा कारागीर आणि वायरिंग जाणणारा ऑटो इलेक्ट्रिशियन या तिघांचे ज्ञान एका ठिकाणी यावे लागते. हे तीन धंदे वेगवेगळ्या काळी उदयास आले आणि दीर्घकाळ परस्परांपासून अलग राहिले. ते जवळ कसे आले आणि अजूनही कोठे अलग आहेत, हे पाहण्यासाठी छत्तीसगडमधील बीरगांवसारखी, रस्ता आणि कारखाना यांच्यावर जगणारी वस्ती उपयुक्त ठरते.

बीरगांव रायपूरच्या उत्तरेस, रायपूर-बिलासपूर रस्त्यालगत वसले असून आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याच्या काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश थेट इंग्रजी अंमलाखाली गेला. कारभाराचे केंद्र रायपूरला आल्यामुळे नागपूर-रायपूर या वाटेचे महत्त्व वाढले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरकडून येणारा लोहमार्ग रायपूर आणि बिलासपूरमार्गे पूर्वेकडे नेला, आणि पुढे मुंबई-कोलकाता महामार्गही रायपूरवरूनच गेला. मालाची ये-जा ज्या गावातून होते त्या गावात गाडी दुरुस्त करणारा माणूस लागतोच, आणि रायपूर परिसरातील दुरुस्तीच्या धंद्याचा पाया या वाटांनी घातला.

त्या पायावर इमारत चढली ती लोखंडाच्या उद्योगामुळे. भिलाई पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झाला आणि त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या दशकांत बीरगांवलगत उरला आणि त्यापुढे सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. रोलिंग मिल आणि स्पंज आयर्न, म्हणजे लोहखनिज न वितळवता कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून मिळवलेले सच्छिद्र लोखंड, यांचे कारखाने ही या पट्ट्याची ओळख बनली. रावाभाठ्याचे ट्रान्सपोर्ट नगर आणि रायपूरचा रेल्वे वॅगन दुरुस्ती कारखाना हेही याच बाजूला आहेत. येथील दुरुस्तीची परंपरा त्यामुळे वजनदार यंत्रांची आहे: पाटे, ॲक्सल, ब्रेक, इंजिन आणि वेल्डिंग यांची. अशा परंपरेत दोष बहुधा डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो किंवा हाताला लागतो. प्लॅस्टिकच्या दात्यांची, डॅशबोर्डमागे दडलेली मोटर या परंपरेत फार उशिरा आणि वेगळ्याच वाटेने आली.

ती वाट अमेरिकेतून सुरू होते. पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या मॉडेलसाठी, कारखान्यातूनच बसवलेली वातानुकूलन यंत्रणा विक्रीस ठेवली, तेव्हा तिची थंड कॉइल मागच्या आसनामागे होती आणि तापमान राखणारे कोणतेही साधन तिच्यात नव्हते. कॉम्प्रेसर, म्हणजे शीतकवायू दाबून फिरवत ठेवणारा पंप, इंजिनाच्या पट्ट्याशी कायम जोडलेला असे, आणि यंत्रणा खरोखर बंद करायची तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. येथे नियंत्रण म्हणजे माणसाचा हात एवढाच अर्थ होता, आणि ‘गाडी फार थंड होते’ या तक्रारीचे निदान करण्याची गरजच नव्हती, कारण थंडी कमी करणारा भागच अस्तित्वात नव्हता.

दुसरीकडे हीटर स्वतंत्रपणे विकसित होत होता. इंजिन थंड राखण्यासाठी त्याच्याभोवती फिरणारे पाणी स्वतः मात्र ८५ ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ते एका लहान रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कॉइलमधून फिरवले की गाडीत ऊब मिळते. नॅश कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरची ताजी हवा आत घेऊन तापवणारा, थर्मोस्टॅटने नियंत्रित होणारा हीटर आणला. हीच कंपनी १९३७ मध्ये शीतकपाटे बनवणाऱ्या केल्विनेटर कंपनीशी एकत्र आली होती, आणि या नॅश-केल्विनेटर कंपनीने १९५४ मध्ये हीटर व शीतन यांना गाडीच्या पुढच्या भागात एकत्र बसवून एकाच नियंत्रणाखाली आणले. मोटारीचा आणि शीतयंत्राचा, असे दोन धंदे ज्या कंपनीत एका छपराखाली आले, तिच्याकडून थंड व उष्ण यांचा मेळ घालणारी यंत्रणा यावी, हा योगायोग मानता येत नाही.

या एकत्रीकरणातून आजची रचना घडत गेली. पंखा बाहेरची किंवा आतली हवा ओढतो. ती प्रथम थंड कॉइलवरून जाते, तेथे तिच्यातील ओलावा पाणी होऊन ठिबकतो, आणि मग झडप तिचे दोन वाटे करते. एक वाटा थेट पुढे जातो, दुसरा हीटर कॉइलमधून तापून येतो, आणि दोन्ही पुन्हा मिसळून जाळीतून बाहेर पडतात. थंड केलेली हवा पुन्हा तापवणे वरवर पाहता अपव्यय वाटते. परंतु या पद्धतीमुळे हवा कोरडी राहते, काचेवर धुके धरत नाही आणि तापमान हळूहळू, एकसारखे बदलता येते. आरंभी ही झडप पोलादी तारेने फिरवली जाई: डॅशबोर्डवरची दांडी सरकवली की आवरणातून जाणारी तार झडपेला ओढी. तार गंजून ताठ होई, तिची क्लिप निसटे किंवा ती तुटे, आणि हे तिन्ही दोष दांडी हलवताच हाताला कळत. दांडी जड लागली तर तार अडकली आणि अगदीच सैल लागली तर ती सुटली, एवढे निदान मालकही स्वतः करू शके.

हातातून हे ज्ञान निसटू लागले ते १९६० च्या दशकात. कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलमध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ ही स्वयंचलित यंत्रणा आणली. चालकाने हवे ते तापमान एकदा ठरवून द्यावे आणि पुढचे काम यंत्राने करावे, अशी तिची कल्पना होती. तापमानानुसार ज्याचा विद्युतरोध बदलतो असा थर्मिस्टर हा घटक हवेचे तापमान जोखी, आणि झडप हलवण्याचे बळ इंजिनाच्या निर्वातातून मिळे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा तिच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो. त्या दाबाने रबरी पडदा ओढला जाई आणि पडद्याला जोडलेली दांडी झडप फिरवी. येथे निदानाची पद्धत बदलली. रबराला चीर पडली किंवा नळी निसटली तर डॅशबोर्डवरच्या दांडीला काहीच जाणवत नसे, त्यामुळे कारागिराला हातपंपाने निर्वात निर्माण करून तो टिकतो की गळतो हे पाहावे लागे. दोष आणि हात यांच्यामध्ये प्रथमच एक उपकरण आले.

१९८० च्या दशकापासून निर्वाताची जागा विजेच्या मोटरीने घेतली. लहान मोटर वेगाने फिरते, दातेरी चाकांची रांग तिचा वेग कमी करून जोर वाढवते, आणि शेवटचे चाक झडपेचा आस फिरवते. झडप नेमकी कोठे आहे हे नियंत्रकाला, म्हणजे लहान संगणकाला, कळावे यासाठी आसाबरोबर फिरणारा पोटेन्शिओमीटर बसवतात. हा असा विद्युतरोध असतो की आस फिरला की त्यातून परत येणारे व्होल्टेज बदलते. अशा मोटरीला साधारणपणे पाच तारा असतात: दोन मोटर फिरवण्यासाठी आणि तीन स्थितीची बातमी परत नेण्यासाठी. पुढे काही कंपन्यांनी पोटेन्शिओमीटर वगळून मोटरीच्या फेऱ्यांचे ठोके मोजण्याची रीत स्वीकारली, काहींनी ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर घेतली, तर अलीकडच्या अनेक गाड्यांत मोटरीतच इलेक्ट्रॉनिक चिप असून नियंत्रकाचे आदेश तिला एकाच तारेवरून संदेशाच्या रूपात मिळतात. चालकाला व शेजाऱ्याला वेगळे तापमान देणाऱ्या गाड्यांत अशा दोन मोटरी आल्या. हवेची दिशा बदलणारी आणि बाहेरची वा आतली हवा निवडणारी मोटर आणखी निराळी.

भारतात हा क्रम तंतोतंत या रीतीने घडला नाही, आणि तो न घडल्याचे परिणाम आजही दुरुस्तीच्या सवयींत दिसतात. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात वातानुकूलन हवे असणारा मालक डॅशबोर्डखाली वेगळा डबा बसवून घेई. त्या डब्यात थंड कॉइल आणि पंखा असे, हीटर नसे, म्हणून मिश्रण करणारी झडपही नसे; तापमानाचे बटण फक्त कॉम्प्रेसर कधी थांबवावा हे थर्मोस्टॅटला सांगे. अशा यंत्रणेत थंडावा कमी झाला तर कारण शीतकवायू, कॉम्प्रेसर किंवा पंखा यांतच शोधावे लागे, आणि ते तेथे सापडेही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८५ मध्ये सुझुकी आणि जपानच्या डेन्सो यांच्या सहकार्याने सुब्रोस ही वातानुकूलन यंत्रणा बनवणारी कंपनी स्थापन झाली, आणि १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यांच्या बंधनातून मुक्त झाल्यावर हीटर व शीतन एकाच पेटीत बांधलेल्या यंत्रणा मध्यमवर्गाच्या गाड्यांत पोहोचल्या. मात्र कारागिराची विचार करण्याची पद्धत जुन्या डब्यावर घडलेली होती. थंड होत नाही म्हणजे गॅस कमी, हे समीकरण झडप नसलेल्या यंत्रणेतून झडप असलेल्या यंत्रणेत जसेच्या तसे आले.

रायपूरच्या हवामानाने या समीकरणाला बळ दिले. थंड देशांत फ्लॅप मोटर बिघडल्याचे बहुधा हिवाळ्यात, ऊब मिळेनाशी झाली की कळते, आणि संशय आपोआप हीटर व झडप यांच्याकडे वळतो. छत्तीसगडच्या मैदानी भागात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तर हीटरची गरज हिवाळ्यातील थोड्या रात्रींपुरती असते. त्यामुळे झडप गरम बाजूला अडकली तरी तक्रार ‘एसी थंड करत नाही’ अशीच येते, आणि ती थंड बाजूला अडकली तर कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. पावसाळ्यात तीच अडकलेली झडप निराळ्या रूपात प्रकट होते: काचेवरचे धुके घालवण्यासाठी कोरडी पण किंचित उबदार हवा हवी असते, आणि ती मिळत नाही. कारखान्यांच्या पट्ट्यातील काळी धूळ यात भर घालते. केबिन फिल्टर तुंबला की हवेचा झोत मंदावतो आणि सारी यंत्रणाच दुबळी वाटते. धूळ झडपेच्या बिजागरात साचली तर मोटरीला अधिक जोर लावावा लागतो आणि प्लॅस्टिकचे दाते झिजतात.

या साऱ्यातून निदानाचा जो क्रम सिद्ध झाला आहे, त्याचे मोल त्यातील उपकरणांपेक्षा त्याच्या पायऱ्यांत आहे. पहिली पायरी थंडावा निर्माण होतो की नाही ही. कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा क्लच धरतो का, कॉइलकडून परत येणारा जाड पाइप हाताला गार आणि घामेजलेला लागतो का, गाडीखाली पाणी ठिबकते का, हे पाहिले की गॅसविषयीचा बराचसा संशय फिटतो. पाइप गार आहे आणि जाळीतून मात्र कोमट हवा येते, तर थंडावा वाटेत कोठेतरी नष्ट होतो आहे, असा अर्थ निघतो. दुसरी पायरी त्या अर्थाची खातरजमा करते: हीटरकडे जाणारा गरम पाण्याचा रबरी पाइप तात्पुरता आवळून धरला आणि थोड्या वेळाने हवा गार होऊ लागली, तर झडप गरम बाजूला उघडी आहे हे डॅशबोर्ड न उघडता कळते.

तिसऱ्या पायरीत नियंत्रकाचा आदेश आणि मोटरीची कृती वेगळी काढली जाते. स्वयंचलित यंत्रणेत केबिनचे तापमान मोजणारा सेन्सर किंवा उन्हाची तीव्रता मोजणारा सेन्सर चुकीची बातमी देत असेल, तर निरोगी मोटर चुकीचा आदेश इमानाने पाळते. म्हणून तापमान सर्वांत खालच्या टोकाला नेऊन ठेवतात. त्या टोकाला बहुतेक यंत्रणा सेन्सरचे न ऐकता झडप पूर्ण थंड बाजूला नेतात. एवढे करूनही हवा गरमच राहिली तर सेन्सर दोषमुक्त ठरतो. नंतर बटण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत कान लावतात. काहीच आवाज नाही, तर मोटरीपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा मोटर जळाली आहे. मोटरीची घरघर ऐकू येते पण हवा बदलत नाही, तर आस झडपेपासून सुटला आहे. आणि गाडी सुरू करताच टक-टक असा ठेका धरला, तर चाकाचे दाते तुटून ते जागच्या जागी घसरत आहेत.

चौथी पायरी मल्टिमीटरची. पाच तारांच्या मोटरीत, बटण एका दिशेने फिरवल्यावर दोन तारांवर सुमारे १२ व्होल्ट यावेत आणि उलट फिरवल्यावर त्यांची दिशा उलटावी. स्थिती सांगणाऱ्या तारेवरचे व्होल्टेज सर्वसाधारणपणे अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत न अडखळता बदलावे. आदेशाचे व्होल्टेज येते पण मोटर हलत नाही, तर दोष मोटरीत. मोटर हलते पण स्थितीचे व्होल्टेज मध्येच उडी मारते, तर दोष पोटेन्शिओमीटरमध्ये. आदेशच येत नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा नियंत्रकात. एकाच तारेवर संदेश घेणाऱ्या नव्या मोटरीवर मात्र थेट १२ व्होल्ट लावून पाहणे ही घोडचूक ठरते, कारण त्याने आतील चिप जळते. तेथे स्कॅनर जोडून नियंत्रकाने नोंदवलेला दोष-संकेत वाचावा लागतो आणि आदेश देऊन मोटर हलवून पाहावी लागते. शेवटची पायरी सर्वाधिक दुर्लक्षित आहे: नवी मोटर बसवण्यापूर्वी जुनी काढून झडप बोटांनी फिरवून पाहणे. झडपच अडकलेली असेल तर नवी मोटरही त्याच मार्गाने जाते. नवी बसवल्यावर झडपेची दोन्ही टोके नियंत्रकाला पुन्हा ओळखवून द्यावी लागतात, एरवी चांगली मोटरही चुकीच्या जागी थांबते.

हा क्रम वाचताना लक्षात येते की त्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या दुकानांतल्या आहेत. गार पाइप ओळखणे एसीवाल्याचे काम, व्होल्टेज मोजणे इलेक्ट्रिशियनचे, आणि डॅशबोर्ड न मोडता उतरवणे मोटार-मिस्त्रीचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्येही मोटार-मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-वातानुकूलन हे दोन निराळे अभ्यासक्रम म्हणून शिकवले जातात. गिऱ्हाईक ज्या दुकानात प्रथम जाते, त्या दुकानाच्या हत्याराला साजेसे निदान होण्याचा धोका त्यामुळे कायम राहतो, आणि सर्वांत सोपे हत्यार म्हणजे गॅसचे नळकांडे. याची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशापुरती मर्यादित राहत नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि जुन्या आर-१२ वायूची जागा आर-१३४ए ने घेतली. तो ओझोनला अपाय करत नसला, तरी वजनास वजन धरता शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची पृथ्वी तापवण्याची क्षमता कर्बवायूच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. झडपेचा दोष न ओळखता चांगला वायू हवेत सोडून नवा भरणे, म्हणजे एका गाडीचा उकाडा न घालवता साऱ्यांचा उकाडा वाढवणे होय.

बीरगांवच्या दृष्टीने या इतिहासाचे पुढचे पान आता उघडले आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या, म्हणजे एन-२ आणि एन-३ वर्गातील वाहनांच्या, चालक-केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक झाली आहे. भट्टीच्या दारातून तापलेल्या लोखंडाचा माल घेऊन मे महिन्याच्या दुपारी बिलासपूर रस्त्याला लागणाऱ्या चालकासाठी ही चैनीची वस्तू नाही. उष्म्याने थकलेला चालक स्वतःला आणि रस्त्यावरच्या इतरांनाही धोक्यात घालतो. आजवर मालकाच्या मोटारीत असलेला दोष यापुढे मजुरी करणाऱ्याच्या केबिनमध्ये येणार आहे, आणि पाटे-ॲक्सल दुरुस्त करणाऱ्या वस्तीला थंड-गरम हवेच्या वाटाही शिकाव्या लागणार आहेत. त्या शिक्षणासाठी महागडा स्कॅनर नंतर मिळाला तरी चालेल. दांडी-तार, निर्वात आणि मोटर अशा तीन पिढ्यांत तापमानाचे नियंत्रण माणसाच्या हातातून हळूहळू निघून गेले असले, तरी निदानाची सुरुवात आजही एका हाताने गार पाइप आणि दुसऱ्या हाताने जाळीतून येणारी हवा जोखण्यापासूनच होते, आणि गॅसच्या नळकांड्याकडे वळण्यापूर्वी एवढे करणारा कारागीर तिन्ही धंद्यांच्या सीमेवर उभा राहून तिघांचेही काम खरे करतो.